संगणक-सामग्रीची नोंद : जाळ्यातील कोणते संगणक मोजावेत?

संस्थेतील संगणकांची माहिती गोळा करणारी सॉफ्टवेअर्स आता सहज उपलब्ध आहेत. जाळ्यातील प्रत्येक संगणकाशी संपर्क साधून त्याची मेमरी, विंडोजची आवृत्ती व त्यावरील सॉफ्टवेअर यांची नोंद ती आपोआप घेतात. मात्र मोजणीत कोणते संगणक धरावयाचे, हे प्रशासनालाच आधी ठरवावे लागते. बहुतेक याद्या बिघडतात त्या येथेच.

प्रचलित मार्ग आयपी पत्त्यांचा पट्टा ठरवून देण्याचा. १९२.१६८.१.१ ते १९२.१६८.१.२५४ असा पट्टा दिला की २५४ पत्ते तपासले जातात. पट्टा सढळ हाताने द्यावा, तर १० या आकड्याने सुरू होणारे खासगी पत्तेच सुमारे १ कोटी ६७ लाख आहेत. ते सारे धुंडाळणे म्हणजे ओसाड माळावर शिरगणती करणे होय. उलट पट्टा आखडला, तर नव्या इमारतीतील प्रयोगशाळा वेगळ्या उपजाळ्यात असल्यामुळे संपूर्ण सुटते आणि अहवालात ती सुटल्याची खूणही राहत नाही. शिवाय बंद असलेला संगणक, सुटीत घरी नेलेला लॅपटॉप किंवा फायरवॉलमुळे उत्तर न देणारे यंत्र यांचा पत्ता रिकामाच दिसतो.

दुसरा आधार अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा. तिच्यात डोमेनला जोडलेले संगणक सापडतात; पण भंगारात गेलेल्यांची नावेही कोणी काढेपर्यंत तशीच राहतात. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, म्हणून ते संगणक तेथे नसतात. यासाठी दोन्ही याद्या कार्यालयातील डेड स्टॉक रजिस्टरशी ताडून पाहाव्यात. ओळख पटवताना आयपी पत्ता धरू नये, कारण तो बदलू शकतो आणि एकच यंत्र दोनदा मोजले जाते. उत्पादकाचा अनुक्रमांक धरणे अधिक खात्रीचे.

वगळणेही विचारपूर्वक व्हावे. प्रयोगशाळेतील जुन्या उपकरणांना जोडलेले संगणक तपासणीच्या भाराने अडखळू शकतात. त्यांची नोंद हाताने घ्यावी. शिक्षक-विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपमधील सॉफ्टवेअरची माहिती संस्थेने त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नये. वगळलेल्या प्रत्येक यंत्रापुढे कारण व तारीख हवी.

ही काळजी केवळ हिशेबापुरती नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत केले. तो ज्या त्रुटीतून शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ती न बसवलेले संगणक बळी पडले. यादीत नसलेल्या संगणकावर दुरुस्ती बसवण्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा पुढील मोजणीत त्या आवृत्तीवरील संगणक किती आणि कोणत्या खोलीत आहेत, हा रकाना प्रथम भरावा.