उरलेला दोर आणि सुरगाठ

मराठीच्या तासाला 'निरगाठ' आणि 'सुरगाठ' हे शब्द आले की ते बहुधा मनाच्या गाठींबद्दल असतात. मला मात्र आमचा टेम्पो आठवतो. वडील कडबा, पोती, प्रसंगी कुणाचा संसार वाहतात आणि सुट्टीत दोर ओढायला मी असतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; या अंकात खात्रीने लिहावा असा माझ्याजवळचा विषय हाच आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

दोर कमी पडला तर माणूस दुसरा शोधतो. उरला की मात्र निष्काळजी होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावर एका ट्रॉलीचा लोंबता दोर शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलच्या चाकात गुंतला. मागे माझी चुलती बसली होती. तिचा उजवा हात कोपरात अजून सरळ होत नाही. ट्रॉलीतला माल जागचा हलला नव्हता, गाठही पक्की होती. उरलेले आठ-दहा हात तेवढे कोणी पाहिले नव्हते.

मग दोर कापूनच का टाकू नये? कारण आज दहा पोती असतात, उद्या कडब्याचा डोंगर. कापलेला दोर पुन्हा जोडावा लागतो आणि गाठीपाशी दोराची ताकद बरीच घटते. तेव्हा दोर लांबच ठेवावा आणि गाठ तशी निवडावी.

पहिले टोक सोपे. हुकाला दोन वेढे द्यायचे आणि वर दोन साधे अडके. खरे काम वेढेच करतात. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी हे गणित मला समजावले. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने हातातला जोर सुमारे साडेसहापट ताण पेलतो, दोन वेढ्यांनी चाळीसपटींहून अधिक! अठराव्या शतकातल्या ऑयलरचे हे सूत्र वडिलांना हाताने ठाऊक आहे. नायलॉनचा दोर गुळगुळीत, म्हणून त्याला ते एक वेढा जास्तच देतात; काथ्याला देत नाहीत.

दुसरी बाजू अवघड. पोती फारशी दबत नाहीत, पण कडबा रस्त्याच्या हादऱ्यांनी बसत जातो आणि सकाळचा ताठ दोर दुपारी ढिला पडतो. इथे निरगाठ मारली तर ती पुन्हा आवळता येत नाही. पावसात भिजली तर सुटतही नाही, विळाच लावावा लागतो.

म्हणून दोर मालावरून पलीकडे टाकला की छातीच्या उंचीवर त्याच दोराला पीळ देऊन सरकता डोळा करायचा. डोळा मोकळ्या टोकाकडच्या दोराचाच काढावा. मालाकडच्या दोराचा काढला तर ताण येताच तो मिटतो. मग टोक खालच्या हुकाखालून घेऊन डोळ्यातून वर काढायचे आणि खाली खेचायचे. डोळा कप्पीसारखा वागतो. हिशेबाने तिप्पट ताण मिळायला हवा. घर्षण त्यातला बराच खाते, तरी माझ्यासारख्या काटकुळ्यालाही दोर तारेसारखा ताणता येतो. इंग्रजीत हिला ट्रकवाल्यांची गाठ म्हणतात. आमच्याकडे तिला नाव नाही. "डोळा घाल" म्हटले की झाले.

ताण धरून ठेवायला डोळ्यापाशी चिमटीने दाबायचे आणि तिथेच सुरगाठ मारायची. दोर लांब असताना नवखा माणूस अख्खा दोर गाठीतून ओढत बसतो. त्याची गरज नाही. दोर जवळच दुमडून त्या दुमडीचेच दोन अडके मारावेत. शेपूट ओढले की गाठ मोकळी. पण ही सोय धोक्याचीही आहे. लोंबते शेपूट कशात अडकून ओढले गेले तर तीच गाठ रस्त्यात सुटेल. म्हणून दुमडीच्या फासातून दोराचे मोकळे टोकच ओवून घ्यावे.

एवढे करून बराच दोर उरला, तर तो मालावरून तिरपा परत न्यावा. उरलेल्या दोराचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. दोन फेऱ्या एकमेकींना छेदल्या की वरच्या पेंढ्या बाजूला सरकत नाहीत. त्यातूनही चार-पाच हात राहिले तर त्यांची आटोपशीर गुंडाळी करावी, मधोमध दोन वेढे देऊन ती बांधावी आणि ताणलेल्या दोराखाली, फाळक्याच्या आतल्या अंगाला खोचावी. चाकाच्या बाजूच्या हुकाला ती कधीही अडकवू नये. पाच-सहा किलोमीटरवर गाडी थांबवून वडील दोरावर हात आपटतात. आवाज बोदा आला तर सुरगाठ सोडून डोळ्यातून पुन्हा खेचायचे, आणि गुंडाळी परत आत खोचायची.