एमआरआयचा ठणठणाट आणि कापराच्या वड्या

एका वाचकांचं पत्र आलं आहे. आईच्या कमरेचा एमआरआय काढायला ते गेले होते. आई नळीत सरकल्यावर आतून असा ठणठणाट सुरू झाला, की बाहेर बसलेल्या यांच्याच पोटात गोळा आला. यंत्र जुनं होतं का, आत काही सुटलं होतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

नाही. तो आवाज बिघाडाचा नव्हे, कामाचा. त्याचं कारण दहावीच्या पुस्तकात सापडेल. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज वाहिली की तारेवर बल पडतं; फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. नळीभोवतीचा मोठा चुंबक बहुधा 1.5 टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट असतो. त्याच्या आतल्या बाजूला तारेची आणखी तीन वेटोळी बसवलेली असतात. त्यांतली वीज सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होते, दर वेळी वेटोळ्यांना हिसका बसतो आणि ती थरथरतात. लाउडस्पीकरही याच तत्त्वावर वाजतो.

ही वेटोळी हवीत कशाला? शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनची केंद्रकं असतात आणि 1.5 टेस्लाच्या क्षेत्रात ती सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना ओ देतात. क्षेत्र सगळीकडे सारखंच असेल तर सगळी एकाच सुरात ओ देणार. कोण कुठून बोललं ते कळायचं नाही. वेटोळी त्या क्षेत्राला हलका उतार देतात. मग शरीराची जणू पेटी होते: एका टोकाला खालचे सूर, दुसऱ्या टोकाला वरचे. वादकाकडे पाठ करून बसलेला जाणकारही नुसत्या सुरावरून सांगतो, बोट कुठल्या पट्टीवर आहे. संगणक नेमकं तेच करतो.

ही कल्पना 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांना स्वतंत्रपणे सुचली. अमेरिकेत पॉल लॉटरबर यांना आणि इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पीटर मॅन्सफिल्ड यांना. 2003 साली दोघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. पण मॅन्सफिल्ड यांच्या पहिल्या प्रयोगात ना रुग्ण होता, ना पाणी. त्यांना बघायचे होते स्फटिक. क्ष-किरणांनी स्फटिकातले अणूंचे थर उलगडतात, तसे ते केंद्रकांच्या चुंबकत्वावरून उलगडता येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. अणूंच्या थरांमधलं अंतर इतकं सूक्ष्म, की त्यासाठी लागणारा उतार कोणत्याच वेटोळ्याला देता येण्यासारखा नव्हता. म्हणून 1973 मध्ये त्यांनी आणि पीटर ग्रॅनेल यांनी थरच मोठे केले. पातळ वड्या एकामागे एक रचून एक मोठा, खोटा स्फटिक बनवला. वड्या होत्या कापराच्या!

कापूरच का, हे मला फार आवडतं. साध्या घन पदार्थात शेजारची केंद्रकं एकमेकांना इतका त्रास देतात की त्यांचा सूर फाटतो, पसरट होतो. कापूर दिसायला घन, पण त्याचे रेणू आपापल्या जागी सतत गरगरत असतात. त्या गरगरण्यात शेजाऱ्यांचा त्रास सरासरीने पुसला जातो आणि सूर स्वच्छ लागतो. आरतीच्या तबकातल्या वडीत हे सारं चाललेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

इथे रेमंड अँड्र्यू यांचं नाव घ्यायलाच हवं. एमआरआयच्या इतिहासात ते फार मागे राहून गेलं आहे. जे पदार्थ कापरासारखे आपण होऊन गरगरत नाहीत, त्यांना गरगरवायची युक्ती त्यांची: नमुना 54.7 अंशांच्या तिरक्या अक्षावर वेगाने फिरवायचा. वेल्समधल्या बँगर इथे 1958 मध्ये त्यांनी हे करून दाखवलं. 1964 साली ते नॉटिंगहॅमला विभागप्रमुख झाले आणि त्याच वर्षी तरुण मॅन्सफिल्ड तिथे अधिव्याख्याते म्हणून आले. पुढे एकाच विभागात अँड्र्यू, बिल मूर आणि मॅन्सफिल्ड यांचे तीन गट चित्र काढायच्या तीन वेगळ्या रीतींवर झटत होते. 1977 मध्ये अँड्र्यू यांच्या गटाने जिवंत माणसाच्या मनगटाचा छेद दाखवला. मॅन्सफिल्ड यांच्या गटाने बोटाचा. मूलभूत, चुंबकीय, वैद्यकीय अशा भिंती त्या विभागात आधीपासून असत्या, तर कापरापासून मनगटापर्यंतचं अंतर चार वर्षांत कापलं गेलं असतं असं मला वाटत नाही.

मॅन्सफिल्ड यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती. आधी छपाईच्या धंद्यात उमेदवारी, मग अग्निबाणांच्या सरकारी खात्यात नोकरी, ती सांभाळून अभ्यास. 1978 मध्ये पूर्ण शरीर मावेल असं यंत्र तयार झालं, तेव्हा आत पहिल्यांदा ते स्वतः गेले. झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने हृदयाचा ठोका चुकू शकतो, असा इशारा मिळालेला असताना. चित्र आलं ते त्यांच्याच पोटाचं.

आता आवाजाकडे. सुरुवातीच्या चित्रांना फार वेळ लागे, आणि धडधडतं हृदय तेवढा वेळ थांबत नाही. 1977 मध्ये मॅन्सफिल्ड यांनी रीत सुचवली: रेडिओलहरीचा एकच ठोका द्यायचा आणि त्याचा प्रतिसाद विरायच्या आत उतार भराभर उलटसुलट करून सबंध छेद टिपायचा. सेकंदाच्या छोट्या अंशात चित्र! पण उतार जितका चपळ, तितके हिसके जोरदार. आईंच्या वेळचा आवाजही उताराच्या अशाच उलटसुलट होण्याचा. 1990च्या दशकात मॅन्सफिल्ड आणि सहकारी या हिसक्यांना उलट हिसके देऊन आवाज दाबायच्या मागे लागले होते. तरीही तो अजून 100 डेसिबलच्या वर जाऊ शकतो; कानात बोळे घालायला सांगतात ते त्यासाठीच.

याच झटपट रीतीवर मेंदूचं काम दाखवणारा एमआरआय उभा आहे. 'यंत्राने मन वाचलं' अशा बातम्या त्याच्याच जोरावर येतात आणि त्या मला अजिबात पटत नाहीत. ते यंत्र विचार पाहत नाही. रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार पाहतं, तोही काही सेकंद उशिराने.

मेंदूतल्या विजेचं चुंबकत्व थेट टिपलं तर तो उशीर टळतो. मात्र ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 50 कोटींव्या हिश्शाइतकं क्षीण. ते मोजणारी जुनी यंत्रं उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमवर चालतात. मोठ्या माणसाच्या मापाच्या त्या ताठ टोपात लहान मुलाचं डोकं सैल राहतं आणि जराशी हालचालही चालत नाही. 2018 मध्ये याच नॉटिंगहॅमच्या विभागाने लंडनच्या शास्त्रज्ञांबरोबर दुसरा मार्ग दाखवला. रुबिडियमची वाफ भरलेली चिमुकली कुपी, तिच्यातून जाणारा लेझर. चुंबकीय क्षेत्र किंचित जरी बदललं तरी पलीकडे पोचणारा प्रकाश कमी-जास्त होतो. अशा कुप्या डोक्याच्या मापाच्या शिरस्त्राणात बसवल्या. अडचण एवढीच, की बाहेरचं चुंबकत्व अडवणाऱ्या खोलीतही पृथ्वीचं चुंबकत्व थोडं शिल्लक राहतं आणि मान हलली की तेच मेंदूच्या कुजबुजीला बुडवून टाकतं. तेव्हा माणसाच्या दोन्ही बाजूंना वेटोळ्यांचे दोन मोठे पडदे उभे करून ते उरलंसुरलं क्षेत्रही पुसलं. एमआरआयला उतार देणाऱ्या वेटोळ्यांची आखणी वर्षानुवर्षं याच विभागात झाली होती; तीच विद्या इथे उलट्या कामाला लागली. मग त्या शिरस्त्राणासह माणूस मान डोलवत होता, पेय पीत होता, बॅटवर चेंडू उडवत होता आणि मेंदूची नोंद चालू होती. पुढच्याच वर्षी हे तंत्र 2 वर्षांच्या बाळावरही वापरलं गेलं. या शिरस्त्राणाचा आवाज मात्र येत नाही. पडद्यांतली वेटोळी हिसके खात नाहीत, नुसती उभी असतात.