अवकाशातून आलेल्या गॅमा किरणांचा पत्ता कसा शोधतात?

२ जुलै १९६७. अमेरिकेच्या 'वेला' उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक क्षणिक झोत टिपला. खरंतर हे उपग्रह कुणी चोरून अणुचाचणी करतंय का, यावर नजर ठेवायला सोडले होते. पण हा झोत अणुस्फोटासारखा नव्हता. मग तो आला कुठून?

साधी दुर्बीण का चालत नाही?

साध्या दुर्बिणीतला आरसा प्रकाश एका जागी गोळा करतो. गॅमा किरणांची ऊर्जा इतकी जास्त असते, की ती आरशावरून परतत नाहीत, आत घुसतात. त्यामुळे झोत आल्याचं कळतं, पण दिशा कळत नाही.

मग दिशा कळते कशी?

एक उपाय म्हणजे घड्याळ. दोन उपग्रह तीन लाख किलोमीटर अंतरावर असतील, तर झोत दोघांकडे पोहोचण्यात जास्तीत जास्त एका सेकंदाचा फरक पडतो. नेमका किती फरक पडला, यावरून दिशेचा अंदाज येतो. 'वेला'ने टिपलेले असे झोत पृथ्वी किंवा सूर्याकडून आलेले नाहीत, हे असंच कळलं. १९७३ साली ते जगासमोर आलं.

दुसरा उपाय म्हणजे सावली. उपकरणावर छिद्रांची जाळी बसवतात आणि तिची सावली कुठे पडते, त्यावरून दिशा काढतात. भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वरच्या सीझेडटीआय उपकरणात अशीच जाळी आहे. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संस्थांचा त्यात सहभाग आहे.

आणि अंतर?

हे झोत आपल्याच आकाशगंगेतले की बाहेरचे, हा वाद १९९७ पर्यंत चालला. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला 'बेप्पोसॅक्स' उपग्रहाला एका झोतानंतर त्याच जागी मंदावत जाणारे क्ष-किरण दिसले. नेमकी जागा कळल्यामुळे जमिनीवरच्या दुर्बिणींनाही तिथला प्रकाश सापडला. मे महिन्यात आणखी एका झोताबाबत हेच घडलं. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे त्याचा प्रकाश किती ताणला गेलाय, हे शास्त्रज्ञांनी मोजलं. उत्तर आलं: अब्जावधी प्रकाशवर्षं दूर!

पत्ता कळून काय मिळालं?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी आधी गुरुत्वीय लहरी आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत पोहोचला. दुर्बिणींनी शोध घेतला आणि सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेली 'एनजीसी ४९९३' ही दीर्घिका सापडली. तिथे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरीत तयार होतात, याचा भक्कम पुरावा त्या प्रकाशात मिळाला.