तपासणीच्या नळीतलं प्रदूषण

कासदाह झालेल्या गाईच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, की पुढचे काही दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नसतं. तरी ते घातलं गेलं तर? युरोपीय नियमांत एक किलो दुधात पेनिसिलिन जास्तीत जास्त ४ मायक्रोग्रॅम चालतं. म्हणजे एक ग्रॅम पेनिसिलिन अडीच लाख किलो दुधाला या मर्यादेवर नेऊन ठेवू शकतं. इतका सूक्ष्म अंश शोधायला यंत्रं तशीच तयारीची लागतात. पण नमुना त्या यंत्रापर्यंत नेताना जी रसायनं वापरली जातात, त्यांचा हिशेब प्रयोगशाळांनी फार उशिरा मांडला.

दुधाचा नमुना मुळातच हट्टी. डीडीटीसारखी कीटकनाशकं त्याच्या स्निग्धांशात मुरतात, टेट्रासायक्लिन कॅल्शियमला धरून बसतं, आणि प्रथिनं मध्येच साकळतात. जुन्या पद्धतींत या सगळ्यातून अवशेष वेगळे काढायला एकेका नमुन्यामागे हेक्झेन, ॲसिटोन, डायक्लोरोमिथेन असे विद्रावक काही शे मिलिलिटर ओतले जात आणि मग उकळून उडवले जात. काही मायक्रोग्रॅम विष शोधण्यासाठी एवढं विषारी द्रव्य वापरायचं, हा व्यवहार उफराटाच होता.

२००३ साली मायकेलअँजेलो अनास्तासियादेस आणि स्टीव्हन लेहोटे यांनी ‘क्वेचर्स’ ही पद्धत प्रसिद्ध केली. दहा ग्रॅम नमुना, दहा मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल, मॅग्नेशियम सल्फेट आणि साधं मीठ. नळी जोराने हलवायची आणि फिरवून थर वेगळे करायचे. ती होती फळं-भाज्यांसाठी, पण दुधालाही मानवली. ॲसिटोनायट्राइलमुळे प्रथिनं खाली बसतात आणि चरबी त्यात फारशी विरघळत नाही. पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने द्राक्षांसाठी अशीच थोडक्यात आटोपणारी पद्धत बसवली. तिथे विद्रावक आहे तुलनेने सौम्य इथाइल ॲसिटेट.

काटकसरीचा खरा धडा मात्र टंचाईने दिला. ॲसिटोनायट्राइल कुणी मुद्दाम फारसं बनवत नाही. ॲक्रिलिक धागे आणि मोटारींचं प्लास्टिक यांसाठी ॲक्रिलोनायट्राइल तयार करताना ते सोबत मिळतं. २००८ मध्ये मंदीने मोटारींचा खप आटला, बीजिंग ऑलिंपिकसाठी चीनमधले कारखाने थांबले, टेक्सासला चक्रीवादळाचा तडाखा बसला. जगभरच्या प्रयोगशाळांचे साठे तळाला गेले आणि किमती भडकल्या. पर्यावरणाच्या व्याख्यानांनी जे साधलं नव्हतं ते बिलांनी साधलं, असं म्हणायला हरकत नाही. नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रांतल्या, विद्रावक कमी पिणाऱ्या बारीक स्तंभांकडे लोक गंभीरपणे पाहू लागले. ४.६ मिलिमीटर व्यासाच्या स्तंभातून मिनिटाला एक मिलिलिटर द्रव वाहतो. चोवीस तासांत जवळपास दीड लिटर. व्यास २.१ मिलिमीटर केला, की त्याच वेगाला पाचवा हिस्सा पुरतो.

तरीही माझ्या मते सर्वांत मोठी बचत यंत्राच्या आत होत नाही. ती होते कुठला नमुना यंत्राकडे पाठवायचा, हे ठरवताना. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली. म्हणजे या बाबतीत बहुतेक नमुने निर्दोष होते. अशा वेळी पहिली चाळणी जिवाणूंवर सोपवता येते. औषध असलेल्या दुधाचं दही नीट लागत नाही, हे विरजण लावणाऱ्यांना ठाऊक असतं. ‘डेल्व्होटेस्ट’ त्याच तत्त्वावर चालते. उष्णता सोसणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू जेलीत असतात. त्यावर दुधाचे थेंब टाकून ६४ अंश सेल्सिअसला ठेवायचं. जिवाणू वाढले की आम्ल तयार होतं आणि जांभळा रंग पिवळा पडतो. जांभळा तसाच राहिला तर संशय. सेंद्रिय विद्रावक शून्य.

जिवाणू औषधाचं नाव सांगत नाही, हेही खरं. शिवाय बुरशी लागलेल्या चाऱ्यातून दुधात उतरणारं ॲफ्लाटॉक्सिन एम-१ त्याला कळत नाही. त्याच सर्वेक्षणात ते ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं. त्यासाठी वेगळी चाचणी-पट्टी लागते, आणि प्रत्येक पट्टीचं प्लास्टिक कचऱ्यात जातं. शेवटची खात्री देणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापकाचे निर्वात पंप तर रात्रंदिवस वीज खातात.

हा सगळा जमाखर्च मांडायला २०२० पासून ‘ॲग्री’ नावाची मोजणी वापरात आहे. घड्याळाच्या तबकडीसारख्या बारा कप्प्यांत कचरा, वीज, विषारीपणा, नमुन्याचं आकारमान यांना गुण मिळतात आणि मधोमध शून्य ते एक यांमधला आकडा येतो. आजकाल शोधनिबंधांत हा हिरवा आकडा मोठ्या हौसेने छापला जातो. पण त्या बारांत पद्धत किती सूक्ष्म अंश पकडते, याला कप्पा नाही. ते पडताळणीच्या तक्त्यात पाहावं लागतं.