एक्स्प्लेनर : डोक्यावर हेल्मेट, पायात चप्पल? बाइकसाठी बूट कसा निवडाल?
बीड : हेल्मेट कायद्याने सक्तीचे; पायाचे मात्र ज्याचे त्याने पाहायचे. धुळे-सोलापूर महामार्गावर गाडी आडवी झाली, की तिच्याखाली आधी सापडतो तो घोटा.

रोज गेवराई-बीड करणाऱ्याला घोटा झाकणारा, न घसरणाऱ्या तळव्याचा बूट पुरे. लांबच्या प्रवासाला नडगीपर्यंतचा हवा. कारखान्यातला सेफ्टी शू? बोटे वाचतात, पण आखूड असेल तर घोटा उघडाच. शिवाय जाड टोक गिअरखाली जाताना अडते.

लेबलवर ‘ईएन १३६३४’ हे युरोपीय मानक शोधा. सोबतच्या चार आकड्यांत १ पेक्षा २ सरस. शेवटचा आकडा बूट आडवा किती दबतो ते सांगतो. लेबल नसेल तर बूट हातांनी पिळा. फडक्यासारखा पिळला गेला, तर परत ठेवा. मोकळी लेस पॅडलमध्ये अडकते, ती आत खोचा.