बुरशी : होस्टेलची बिनभाड्याची रूममेट

जुलै उजाडला की आपल्या होस्टेलच्या प्रत्येक खोलीत एक जादा रूममेट राहायला येते. ती डिपॉझिट भरत नाही, मेसचं कार्ड काढत नाही आणि रेक्टर सरांच्या राउंडला अजिबात घाबरत नाही. बेल्टवर पांढरी लव, बुटांवर हिरवट पावडर, कॉटमागच्या भिंतीवर काळे ठिपके आणि उशीला तो ओळखीचा कुबट वास. ओळखलंत ना मंडळी? बुरशी!

तिच्यावर जोक मारून झाले की आपण तिला विसरतो. पण दर पावसाळ्यात आपल्यातलेच काही जण पहाटे शिंकत उठतात, रात्री खोकत बसतात, जिना चढताना दमतात. "कोकणची हवा सोसत नाही यार," असं म्हणून गप्प राहतात. हवा बदलणं आपल्या हातात नाही हे खरं. पण खोलीतलं पाणी कमी करणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि बुरशीचं सगळं गणित पाण्याचंच आहे. ते गणित मांडायचा हा प्रयत्न.

तिला काय लागतं?

फर्स्ट इयरला फायर ट्रँगल शिकवतात. इंधन, उष्णता, ऑक्सिजन, यातलं एक काढा आणि आग विझते. बुरशीचंही तसंच आहे. तिला लागतं बीज, खाणं, ऊब आणि ओल.

बीज म्हणजे तिचे बीजाणू, मायक्रॉनमध्ये मोजायचे, डोळ्यांना न दिसणारे. ते हवेत कायम असतात. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत असाच एक बीजाणू पडला आणि पेनिसिलिनचा शोध लागला. गंमत म्हणजे तो बीजाणू बहुधा खालच्या मजल्यावरच्या लॅबमधून आला असावा असं मानतात. तिथे ला टूश नावाचा संशोधक दम्याच्या रुग्णांच्या घरातल्या बुरश्या गोळा करून वाढवत होता! फ्लेमिंगला बुरशीने नोबेल दिलं, आपल्याला नुसती सर्दी देते. असो. मुद्दा हा की बीज अडवता येत नाही.

खाणंही काढून घेता येत नाही. कागद, चामडं, सुती कपडा, खळ, रंगातले काही घटक, अंगावरून झडणारा कोंडा हे सगळं तिला चालतं. थोडक्यात, आपल्या मेसपेक्षा तिचा मेनू मोठा. ऊब म्हणाल तर २५ ते ३० डिग्री तिला एकदम मानवतं, आणि कोकणातला पावसाळा नेमका तेवढाच असतो.

उरली ओल. भिंतीला किंवा वस्तूला लागून असलेल्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. म्हणून काढता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ओल. बाकीचे सगळे उपाय त्याच्या नंतर.

जरा थर्मो आठवा

आपली खोली धरा १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २७ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २५.८ ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे अख्ख्या खोलीत ८७५ ग्रॅमच्या आसपास. पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्के धरली तर त्यातले ७९० ग्रॅम आधीच भरलेले असतात. शिल्लक जागा किती? फक्त ८५ ग्रॅम. टपरीवरचा एक कटिंग चहा!

आता आपण काय करतो ते बघा. हाताने पिळलेल्या जीन्समध्ये अर्धा लिटर पाणी सहज राहतं. ती आपण खोलीतल्या दोरीवर टाकतो. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या घट्ट बंद करतो. रात्री तिघं झोपतो. झोपेतसुद्धा माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो, म्हणजे तिघांचं आठ तासांचं जवळजवळ एक लिटर. जागा कटिंगची आणि पाणी दीड लिटर. खिडकी बंद असेल तर ते जाणार कुठे? गादीत, उशीत, पुस्तकांत, कपाटाच्या प्लायवूडमध्ये आणि थंड भिंतीवर. २७ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू येतो २५ डिग्रीच्या जरा वर. पहाटे बाहेरची भिंत किंवा लादी त्याच्या खाली गेली की तिला "घाम" सुटतो. कॉट भिंतीला चिकटून असेल तर मागे वारा लागत नाही, आणि काळे ठिपके पहिले तिथेच येतात.

याच गणितातून जुन्या माणसांची एक युक्तीही समजते. कोकणातल्या घरांत पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर बाळाचे कपडे वाळवायचे, किंवा चुलीच्या वर वलणीला टाकायचे. शहरात कपाटात जुना चाळीस वॉटचा बल्ब लावून ठेवायचे. हवेतलं पाणी तेवढंच ठेवून तापमान २७ चं ३० केलं तर आर्द्रता ९० वरून ७६ टक्क्यांच्या आसपास येते. फक्त तीन डिग्रीत आपण ८० च्या खाली! आजीला सायक्रोमेट्रिक चार्ट माहीत नव्हता, पण तिचं उत्तर बरोबर होतं. मात्र होस्टेलच्या कपाटात बल्ब लावू नका, कपड्यांना आग लागू शकते. आणि आजचा एलईडी तेवढा तापतही नाही.

पाणी कुठून येतंय?

इथे नेहमीचं भांडण सुरू होतं. ऑफिस म्हणतं, मुलं खोलीत कपडे वाळवतात. मुलं म्हणतात, भिंतच गळते. दोघांचंही बरोबर असू शकतं, म्हणून वाद घालण्याआधी टेस्ट करा. भिंतीचा ठिपक्यांजवळचा भाग पुसून कोरडा करा. त्यावर फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक लावा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या हवेतलं आहे. दोन्हीकडे जमले तर दोघांनीही कामाला लागायचं.

भिंतीतून येत असेल तर खिडक्या उघडून फार फरक पडणार नाही. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. बाहेरचा गिलावा फुटला असेल आणि नैर्ऋत्येची झड थेट भिंतीवर बसत असेल, गच्चीचा पाइप तुंबला असेल किंवा बाथरूमची लाइन लीक असेल, तर ते मेंटेनन्सचं काम आहे. फोटो आणि तारीख टाकून लेखी तक्रार द्या. वरून नुसता रंग मारणं हा उपाय नाही. ओल्या भिंतीवर रंगाला फुगे येतात, आणि त्या रंगावर बुरशी पुन्हा येते.

आणखी एक. भिंतीवर पांढरं दिसलं की ती बुरशीच असं नाही. लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, पण तसेच दिसतात. पाण्याचा थेंब टाका, विरघळलं तर लोणा. पण लोणा म्हणजेसुद्धा भिंतीतून पाणी येत असल्याचा पुरावा.

हा वाद फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये एका दोन वर्षांच्या मुलाचा श्वसनाच्या आजाराने मृत्यू झाला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हे झालं, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तिथल्या मृत्यूच्या चौकशीत निघाला. वडिलांनी तक्रारी केल्या होत्या. पण घर देणाऱ्या संस्थेने हा त्या कुटुंबाच्या राहणीचा दोष असल्याचं गृहीत धरलं होतं. त्यानंतर २०२३ मध्ये त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा "अवाब्ज लॉ" झाला. सामाजिक गृहसंस्थांनी ओल आणि बुरशीच्या तक्रारींवर ठरावीक मुदतीत कारवाई करावी, असं बंधन ऑक्टोबर २०२५ पासून तिथे लागू झालं. "तुमचीच सवय वाईट" हे उत्तर टेस्ट न करता देणं किती महाग पडतं ते यातून दिसतं.

शरीरात काय होतं?

ॲलर्जी म्हणजे ओव्हरस्मार्ट वॉचमन. चोर सोडून पोस्टमनला धरतो! बीजाणू तसा निरुपद्रवी, पण काहींचं शरीर त्याला शत्रू समजून आयजीई नावाची अँटिबॉडी बनवतं. पुढच्या वेळी बीजाणू आला की पेशींमधून हिस्टामिन सुटतं. मग शिंका, वाहणारं नाक, डोळ्यांना खाज. श्वासनलिका आकसल्या आणि आतून सुजल्या की छातीत घरघर, म्हणजे दमा. त्यात गादीतले डस्ट माइट्स भर घालतात. हे सूक्ष्म किडे पाणी पीत नाहीत, हवेतलं बाष्पच शोषतात. म्हणजे ओल कमी केली की दोघांचाही बंदोबस्त होतो.

आमच्या विंगमधला एक ज्युनिअर लातूरचा आहे. दिवाळीला घरी गेला की त्याचा खोकला गायब, परत आला की आठवड्यात सुरू. डॉक्टरांनी त्याला पहिला प्रश्न हाच विचारला, "घरी गेल्यावर बरं वाटतं का?" स्पायरोमेट्री झाली, दमा निघाला, इनहेलर मिळाला. आणि पठ्ठ्याने तो सॉक्समध्ये लपवला! का, तर "पंप लागला म्हणजे सवय लागली" असं कोणीतरी सांगितलेलं.

हा गैरसमज मात्र घातक आहे. साल्ब्युटामॉलचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा असतो, तर त्याच औषधाची छोटी गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस पफांएवढी. इनहेलरचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून थोडं पुरतं. त्याचं व्यसन लागत नाही. मात्र फक्त आराम देणाऱ्या पंपावर भागवू नये. सूज कमी करणारं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर बरं वाटत असतानाही घ्यायचं असतं. नुसत्या सेट्रिझिनने दमा आवरत नाही. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर ॲलर्जी म्हणून सोडू नका, टीबीसाठी थुंकी तपासून घ्या.

रूममेटला धाप लागून पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर त्याला आडवं करू नका. ताठ बसवा, त्याचा पंप हातात द्या, १०८ ला फोन करा आणि रेक्टर सरांना उठवा. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

मग करायचं काय?

१. जीन्स जोरात पिळा, मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून परत पिळा. खोलीत दोरी बांधण्याऐवजी व्हरांड्यात बांधा.

२. रात्री एक खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत पंखा पाणी फक्त फिरवतो, बाहेर काढत नाही. उघडीप मिळाली की दार-खिडकी दोन्ही उघडा.

३. कॉट आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ऊन पडलं की गादी बाहेर काढा.

४. कॅल्क्युलेटर, लेन्स, सर्टिफिकेट्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, त्यांनी ओल कमी होत नाही, आणि दमेकऱ्याला त्यांच्या वासाचा त्रास होऊ शकतो.

५. भिंत कोरडी घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याने ओली करा, फडक्याने पुसा, मग पूर्ण वाळवा. एन-९५ मास्क आणि ग्लोव्हज घाला. दमा असलेल्याने हे काम करू नये.

६. ब्लीच टाइल्सवर ठीक, पण गिलाव्यावर बऱ्याचदा नुसता रंग जातो आणि बुरशी आत राहते. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. केमिस्ट्री लॅबमध्ये तो फ्यूम कपबोर्डमध्ये काढतात, आपल्या बाथरूममध्ये तो नाही!

ऑफिसला दोन विनंत्या. प्रत्येक मजल्यावर एक्झॉस्ट फॅन असलेली एक कपडे वाळवायची खोली मिळाली, तर खोल्यांमधलं निम्मं पाणी तिथेच थांबेल. आणि भिंती साफ करायला मावशींना पाठवतो, तेव्हा मास्क आणि ग्लोव्हज त्यांना आधी मिळावेत. आपण वर्षातून एक भिंत पुसतो, त्या सगळ्या विंगच्या भिंती पुसतात.

पाऊस ऑक्टोबरपर्यंत आहे, त्याला नोटीस काढता येत नाही. प्लास्टिकचा तुकडा आणि टेप मात्र स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. आज रात्री लावा, परवा निकाल बघा. आणि शेजारच्या कॉटवरून खोकल्याचा आवाज आला तर उशी कानावर घेऊ नका, "पंप कुठेय तुझा?" एवढं विचारा!