नावांत दडलेले प्राणी

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची प्रसिद्ध वस्ती आहे. येथील देवळात एकाच शिळेतून घडविलेला, सुमारे १५ फूट उंचीचा नंदी विराजमान आहे. 'गुडी' म्हणजे देऊळ आणि 'बसव' म्हणजे बैल. हा 'बसव' शब्द संस्कृत 'वृषभ' याचा तद्भव होय. प्राकृतात 'वृषभ'चे 'वसह' झाले, आणि संस्कृत 'वन' ज्या रीतीने कन्नडात 'बन' होते, त्याच रीतीने आरंभीच्या 'व'चा 'ब' झाला. बाराव्या शतकातील बसवेश्वरांचे नाव हेच. सोलापूर-लातूरकडे बसप्पा, बसवराज अशा हाका रोज ऐकू येतात. पण हाक मारणाऱ्याच्या मनात बैल क्वचितच असतो. अर्थ विसरला जातो, नाव मात्र टिकते.

नावांच्या या चिवटपणामुळेच युरोपातील प्राचीन केल्ट लोकांच्या भाषेचा बराचसा शोध लागला. गॉल देशातील केल्टांनी मोठे ग्रंथ मागे ठेवले नाहीत. उरले ते नाण्यांवरील व शिलालेखांतील त्रोटक मजकूर आणि रोमन ग्रंथकारांनी नोंदविलेली माणसांची नावे. ज्यूलियस सीझरच्या लेखनात इ. स. पू. ५२ च्या युद्धप्रसंगी एपोरेडोरिक्स नावाचा एक सरदार येतो. त्याच्या नावातील आरंभीचा 'एपो' म्हणजे घोडा आणि शेवटचा 'रिक्स' म्हणजे राजा. हा 'रिक्स' आपल्या 'राजन्' शब्दाचा सगोत्र आहे. 'एपोस', लॅटिन 'एक्वुस' आणि संस्कृत 'अश्व' हे तिन्ही शब्दही एकाच मुळातून निघाले आहेत. कानाला ते निरनिराळे वाटतात, परंतु त्यांतील ध्वनिबदल नियमबद्ध आहेत. अस्वलाचा केल्टिक 'आर्तोस' आणि संस्कृत 'ऋक्ष' यांचे नातेही असेच आहे.

कुत्र्याचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. पहिल्या शतकात ब्रिटनच्या आग्नेय भागात कुनोबेलिनस हा राजा राज्य करीत होता. त्याच्या नावातील 'कुनो' म्हणजे शिकारी कुत्रा. आयरिश कथांतील महावीर कू खुलिन याचे नाव तर 'कुलानचा कुत्रा' असेच आहे. हे शब्द संस्कृत 'श्वन्'चे भाऊबंद. मराठीत कुत्रा ही शिवी, म्हणून हे नाव विचित्र वाटेल. पण ऐतरेय ब्राह्मणात शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल हे तिघे सख्खे भाऊ आहेत, आणि तिघांच्याही नावांत 'श्वन्' आहे. तेव्हा जुन्या नावांचा भाव आजच्या रुचीने ठरविणे धोक्याचे असते.

केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणे हा दुसरा धोका. कदंब राजवंशाचा संस्थापक मयूरशर्मा याच्या नावातील मोर उघड आहे. परंतु 'मोरे' या आडनावात मोर आहे की मौर्य, हे नुसत्या उच्चारावरून ठरत नाही. त्यासाठी जुने लेख आणि शब्दाची मधली रूपे पाहावी लागतात.

शिवाय नावात प्राणी येण्याची कारणेही अनेक आहेत. 'वाघमारे' यात पराक्रमाची खूण दिसते. १६३८ मध्ये बंगळूर जिंकले गेल्यावर तेथे शहाजीराजांचा अंमल सुरू झाला. त्यांना १६४८ मध्ये कैद करणारे मुधोळचे बाजी घोरपडे होते. घोरपडीच्या साह्याने किल्ल्याचा कडा चढणाऱ्या पूर्वजामुळे हे आडनाव पडले, अशी त्या घराण्याची आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून सिद्ध मानता येत नाही. तथापि आडनाव हा कुळाच्या मानाचा भाग कसा होतो, हे तिच्यावरून कळते. म्हणून नावात प्राणी दिसला की त्या कुळात त्याची पूजाच होत असली पाहिजे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

राज्ये बुडतात, भाषाही लोपतात. पण आईबापांनी मुलाला दिलेले एखादे नाव नाण्यावर, दगडावर किंवा शत्रूच्या ग्रंथात उरते. गॉलमधल्या घोड्याचे नाव असेच वाचले. बसवनगुडीचा बैल तर अजून लोकांच्या तोंडी आहे. मराठी घराघरांतील नावे आणि आडनावे हाही असाच ठेवा आहे. ती टाकण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी त्यांची जुनी रूपे टिपून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाचे काम सोपे होईल.